डबा उरला तर तारा उरला: हॉलिवूडचे मूकपट, हरवलेले आणि सापडलेले



सुरुवातीला पडद्यावर दोन फोटो लावलेत, ते जरा नीट बघा. दोघी तरुण. दोघींचे केस काळे, कानाच्या पाळीपर्यंत कापलेले आणि कपाळावर सरळ झालर. आपल्याकडे ज्याला बॉबकट म्हणतात तोच हा. आता सांगा, यातली कोणती ओळखीची वाटते? बघा, जवळजवळ सगळे हात उजवीकडच्या फोटोसाठी वर आले. नाव आठवत नसलं तरी चेहरा कुठंतरी पाहिलाय असं वाटतं. पोस्टरवर, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, एखाद्या कॅफेच्या भिंतीवर. ती लुईस ब्रुक्स. डावीकडची कोलीन मूर. तिच्यासाठी एकही हात वर आला नाही.

हाच प्रश्न 1927 साली अमेरिकेतल्या कुठल्याही गावात विचारला असता, तर सगळे हात डावीकडे गेले असते. कोलीन मूर त्या वेळी तिकीटबारीवर सर्वांत जास्त चालणाऱ्या नट्यांपैकी एक होती. कारकिर्दीच्या ऐन भरात तिला आठवड्याला साडेबारा हजार डॉलर मिळत. ‘फ्लेमिंग यूथ’ हा तिचा 1923 चा चित्रपट आला आणि केस कापलेली, आखूड झगा घालणारी, बापाचं न ऐकणारी ‘फ्लॅपर’ मुलगी घरोघरी पोहोचली. लुईस ब्रुक्स तेव्हा पॅरामाउंटच्या अनेक नट्यांपैकी एक होती. दिसायला सुंदर, स्वभावाने हट्टी, पण पहिल्या फळीतली नव्हेच.

मग हे उलटं कसं झालं? नव्वद-पंच्याण्णव वर्षांत प्रेक्षकांची जाण वाढली, त्यांनी दोघींचे चित्रपट शेजारीशेजारी ठेवून पाहिले आणि ब्रुक्सच्या बाजूने कौल दिला, असं झालं का? तसं झालं नाही. तुलना करायला मूरचे चित्रपट जागेवर नव्हतेच. आजच्या व्याख्यानात आपल्याला हेच बघायचंय. ‘अभिजात हॉलिवूड’ म्हणून जी नावांची यादी आपल्या डोक्यात आहे, ती गुणांवर किती ठरली आणि कुठला डबा कुठल्या गोदामात पडून राहिला यावर किती ठरली?

आधी एक आकडा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2013 साली एक पाहणी प्रसिद्ध केली. 1912 ते 1929 या काळात अमेरिकेत पूर्ण लांबीचे सुमारे 11,000 मूकपट निघाले. त्यांपैकी मूळ स्वरूपात, म्हणजे 35 मिलीमीटरच्या मूळ अमेरिकन आवृत्तीत पूर्ण उरलेत फक्त 14 टक्के. परदेशी आवृत्त्या, घरगुती प्रोजेक्टरसाठी काढलेल्या छोट्या प्रती, तुटके भाग, सगळं धरलं तरी 70 टक्के चित्रपटांचं काहीही उरलेलं नाही. म्हणजे मूकपटांच्या हॉलिवूडबद्दल आपण जे काही बोलतो ते दहातल्या तीन चित्रपटांवरून बोलतो, आणि त्या तिनांतलेही काही अर्धवट आहेत.

हे चित्रपट गेले कुठे? पहिलं कारण रसायनाचं. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. प्रतिमा अतिशय सुरेख उमटायची, पण पदार्थ बंदुकीच्या दारूच्या नात्यातला. तो जळताना लागणारा ऑक्सिजन स्वतःच देतो, त्यामुळे पाण्यात बुडवला तरी आग विझत नाही. आग लागली नाही तरी फिल्म आपोआप सडते. आधी चिकट होते, मग फुगते आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. सुरक्षित फिल्मचा वापर सरसकट सुरू व्हायला 1950 च्या आसपासचा काळ उजाडला.

दुसरं कारण पैशाचं, आणि आमच्या मते तेच मोठं. ऑक्टोबर 1927 मध्ये ‘द जॅझ सिंगर’ आला आणि दोन-तीन वर्षांत मूकपटाला कुणी विचारेना. कालपर्यंत लाखो डॉलर कमावणाऱ्या प्रती एका रात्रीत रद्दी झाल्या. त्या ठेवायच्या म्हणजे जागेचं भाडं, विमा आणि आगीची धास्ती. वितळवल्या तर निदान फिल्मवरच्या लेपातली चांदी तरी हाती लागते. युनिव्हर्सलने आपल्याकडे उरलेले मूकपट 1948 मध्ये स्वतःहून नष्ट केले. हे कुणी दुष्टपणाने केलं नाही. गिरणी बंद झाल्यावर जुनी यंत्रं भंगारात काढतात, तितक्याच सहजपणे झालं.

आता थीडा बाराकडे येऊ. हिंदी सिनेमातल्या नादिरा, हेलन, बिंदू यांच्याबद्दल बोलताना आपण ‘व्हॅम्प’ हा शब्द सर्रास वापरतो. चित्रपटाच्या बोलीत तो रुजला तो 1915 च्या ‘अ फूल देअर वॉज’पासून, आणि त्यातली ती पुरुषांना देशोधडीला लावणारी बाई म्हणजे थीडा बारा. मूळची ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीची, थिओडोसिया गुडमन. फॉक्स कंपनीच्या प्रसिद्धी खात्याने मात्र तिचा जन्म थेट इजिप्तच्या वाळवंटात झाल्याचं ठोकून दिलं होतं. 1917 मध्ये तिची ‘क्लिओपात्रा’ आली. हजारो माणसं, भव्य सेट, आणि अंगावर इतके कमी कपडे की ठिकठिकाणी सेन्सॉरने कात्री चालवली. बाराने साधारण 40 चित्रपट केले. आज पूर्ण पाहता येतील असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. ‘क्लिओपात्रा’चे काही तुकडे आहेत, तेही सेकंदांत मोजावे लागतात.

याचं कारण 9 जुलै 1937 ची रात्र. न्यू जर्सीतल्या लिटल फेरी या गावात फॉक्सचे जुने चित्रपट ठेवलेलं गोदाम होतं. उन्हाळ्याची लाट आलेली, गोदामात हवा खेळायला पुरेशी सोय नाही. सडणाऱ्या नायट्रेटमधून निघालेला वायू साठत गेला आणि फिल्म आपोआप पेटली. ज्वाळा खिडक्यांतून रस्त्यापलीकडच्या घरांकडे झेपावल्या. शेजारच्या घरातला एक मुलगा भाजून दगावला. चाळीस हजारांहून जास्त रिळं आणि निगेटिव्ह जळाली. फॉक्सच्या मूकपटांचा जवळजवळ सगळा संग्रह त्यात गेला. एका पोराचा जीव गेला आणि त्याबरोबर एका कंपनीची वीस वर्षं गेली. त्या वेळी वर्तमानपत्रांत आगीची बातमी आली, पण चित्रपट गेले म्हणून हळहळ फारशी झाली नाही. ते निरुपयोगी आहेत यावर सगळ्यांचं एकमत होतं.

बारा 1955 च्या एप्रिलमध्ये गेली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये जे घडलं ते लुईस ब्रुक्सच्या गोष्टीत येतं.

ब्रुक्स कॅन्ससमधली. आधी नर्तकी, मग न्यूयॉर्कच्या रंगमंचावर, मग पॅरामाउंटमध्ये. 1928 मध्ये पगारावरून स्टुडिओशी बिनसलं आणि ती बर्लिनला निघून गेली. तिथे गेओर्ग विल्हेल्म पाब्स्ट या दिग्दर्शकाबरोबर तिने 1929 मध्ये ‘पँडोराज बॉक्स’ आणि ‘डायरी ऑफ अ लॉस्ट गर्ल’ हे दोन जर्मन मूकपट केले. तेव्हा त्यांचं फारसं कौतुक झालं नाही, कापाकापी मात्र खूप झाली. मधल्या काळात पॅरामाउंटने तिला ‘द कॅनरी मर्डर केस’ला आवाज द्यायला परत बोलावलं. ती गेली नाही. स्टुडिओने दुसऱ्या नटीचा आवाज चिकटवला, आणि हिचे हॉलिवूडचे दरवाजे बंद होत गेले. शेवटचा चित्रपट 1938 चा, जॉन वेनबरोबरचा एक साधा वेस्टर्न. पुढे न्यूयॉर्कच्या एका बड्या दुकानात ती काउंटरवर सेल्सगर्ल म्हणून उभी राहिली. वय चाळीस.

अशा बाईला इतिहासाने विसरायला काहीच हरकत नव्हती. पण तिचे जर्मन चित्रपट युरोपात होते, आणि युरोपात ऑन्री लांग्लुआ नावाचा एक वेडा माणूस होता. 1936 मध्ये त्यांनी मित्रांबरोबर सिनेमातेक फ्रान्सेज ही संस्था काढली. लोक टाकून देतात ते डबे गोळा करायचे आणि पुन्हा पडद्यावर दाखवायचे, हा त्यांचा उद्योग. 1955 मध्ये त्यांनी चित्रपटाच्या साठ वर्षांचं प्रदर्शन पॅरिसमध्ये भरवलं. प्रवेशद्वारापाशी दोनच प्रचंड चेहरे लावले होते. त्यातला एक ‘पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’मधल्या फाल्कोनेत्तीचा आणि दुसरा लुईस ब्रुक्सचा. गार्बो नाही, डिट्रिच नाही, ब्रुक्स!

तिकडे अमेरिकेत रॉचेस्टरला, जॉर्ज ईस्टमन हाउस या संग्रहालयात जेम्स कार्ड नावाचे चित्रपट-संग्राहक होते. त्यांनी ब्रुक्सला न्यूयॉर्कमध्ये शोधून काढलं. 1956 मध्ये ती रॉचेस्टरला राहायला गेली. तोवर तिने स्वतःचे बरेच चित्रपट पाहिलेच नव्हते. पन्नाशीला आलेली बाई संग्रहालयाच्या अंधाऱ्या खोलीत बसून बावीस वर्षांच्या स्वतःला बघते आहे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणा. ती नुसती बघत बसली नाही, लिहायला लागली. तिचे लेख अत्यंत धारदार होते आणि 1982 मध्ये ‘लुलू इन हॉलिवूड’ या नावाने त्यांचं पुस्तक झालं. 1985 मध्ये ती गेली तेव्हा जगभरच्या फिल्म सोसायट्यांना तिचं नाव पाठ झालं होतं. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ‘द अमेरिकन व्हीनस’सारखे तिचे पॅरामाउंटचे कित्येक चित्रपट आजही बेपत्ता आहेत. तिला वाचवलं ते घर सोडून बाहेर पडण्यानं.

आणि कोलीन मूर? तिची गोष्ट खरी जिव्हारी लागणारी आहे, कारण तिने काही चुकीचं केलं नाही. तिला आपल्या कामाची किंमत कळत होती. तिने स्वतःजवळच्या प्रती जपल्या आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे सोपवल्या. शहाण्या माणसाने यापेक्षा वेगळं काय करायचं? पण त्या डब्यांकडे वेळीच लक्ष दिलं गेलं नाही. पुढे ते उघडले तेव्हा आत वाचवण्यासारखं उरलं नव्हतं. ज्या ‘फ्लेमिंग यूथ’ने एका पिढीचे केस कापले, त्याचं आज जेमतेम एक रीळ शिल्लक आहे.

याच मूरने हौसेनं एक बाहुलीघर बनवून घेतलं होतं. बाहुलीघर म्हणजे राजवाडाच म्हणा, आत इवलीशी झुंबरं, इवलीशी पुस्तकं. तिने ते तीसच्या दशकात गावोगाव फिरवून मुलांच्या संस्थांसाठी पैसा उभा केला. 1949 पासून ते शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात आहे आणि उत्तम स्थितीत आहे. शाळांच्या सहली आजही ते बघायला येतात. म्हणजे सांभाळायची इच्छा असली की शंभर वर्षांपूर्वीची चिमुकली झुंबरंसुद्धा टिकतात. चित्रपटांबाबत ती इच्छाच नव्हती, एवढाच अर्थ यातून निघतो.

मूरच्या नशिबी थोडं उशिरा आलेलं दान मात्र आहे. तिचा 1929 चा ‘व्हाय बी गुड?’ हरवला असंच सगळे धरून चालले होते. ती 1988 मध्ये गेली. त्यानंतर त्याची नायट्रेट प्रत इटलीतल्या एका संग्रहात असल्याचं उघड झालं. संगीताच्या तबकड्या वेगळ्या जपलेल्या होत्या. दोन्ही जुळवून 2014 मध्ये तो पुन्हा पडद्यावर आला. जमलं तर बघा. ही बाई फक्त केसांवर चालत होती असा ज्यांचा समज आहे, त्यांना तिचं विनोदाचं अंग बघून आश्चर्य वाटेल.

आता बस्टर कीटन. हे नाव तर सगळ्यांना ठाऊक. पण ‘द जनरल’ हा त्याचा आगगाडीवरचा चित्रपट 1926-27 मध्ये आला तेव्हा त्याने निराशाच केली. खर्च अफाट झाला, उत्पन्न बेताचं आलं आणि समीक्षकही नाराज झाले. 1928 मध्ये कीटन एमजीएमकडे नोकरीला लागला आणि त्याचं स्वातंत्र्य गेलं. मग दारू, घटस्फोट, दुसऱ्यांच्या चित्रपटांसाठी विनोद लिहून देणं. बेव्हर्ली हिल्समधला त्याचा बंगला गेला. पुढे तोच बंगला जेम्स मेसन या नटाने विकत घेतला, आणि पन्नाशीच्या दशकात मेसनला आवारातल्या एका कोठीत कीटनच्या चित्रपटांचे डबे सापडले. त्याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये जुने चित्रपट दाखवणारे रेमंड रोहॉअर आणि कीटन यांची गाठ पडली. उरलेल्या प्रती गोळा झाल्या, सुरक्षित फिल्मवर उतरवल्या गेल्या आणि युरोपात फिरल्या. रोहॉअर यांनी हक्कांसाठी पुढे इतके खटले लढवले की अभ्यासक आजही त्यांचं नाव कपाळाला आठ्या घालून घेतात. पण चित्रपट वाचले हेही खरं. 1965 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात सत्तरीतल्या कीटनसाठी प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पाच-सहा महिन्यांत तो गेला. 1972 मध्ये ‘साइट अँड साउंड’ मासिकाने जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतला तेव्हा ‘द जनरल’ पहिल्या दहांत होता. चित्रपट तोच होता, एक फ्रेमही बदलली नव्हती. तो बघायला मिळू लागला, एवढाच फरक.

इथे एक शंका येईल. चॅप्लिनचे चित्रपट कसे उरले मग? त्याचं उत्तर मालकीत आहे. चॅप्लिनच्या मोठ्या चित्रपटांची मालकी त्याचीच होती, त्यामुळे निगेटिव्ह भंगारात काढणारा साहेब त्याच्या डोक्यावर नव्हता. हॅरल्ड लॉइडही आपल्या चित्रपटांचा मालक होता, तरी 1943 मध्ये त्याच्या बंगल्यातल्या तिजोरीखान्याला आग लागून सुरुवातीची बरीच कामं गेली. मेरी पिकफर्डची तऱ्हा आणखी निराळी. आपल्या पश्चात लोक आपल्या चित्रपटांना हसतील या भीतीने तिने ते नष्ट करायचं ठरवलं होतं. मैत्रिणीने, लिलियन गिशने, तिचं मन वळवलं. म्हणजे मालकी हातात असूनही शेवटी एखाद्या शहाण्या मैत्रिणीची गरज पडतेच.

आणि बोलपटांच्या जमान्यातले तारे, बोगार्ट, बेट डेव्हिस, कॅरी ग्रँट? स्टुडिओ तेच, बेफिकिरीही तीच. पण 1955 पासून स्टुडिओंनी आपले जुने बोलपट टीव्हीला विकायला सुरुवात केली. जुन्या डब्याला अचानक भाव आला. भाव आला म्हणून तो जपला गेला, रोज रात्री घराघरांत दिसला, आणि नव्या पिढीला जुने तारे मिळाले. बोगार्ट जानेवारी 1957 मध्ये गेला. त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठाजवळच्या ब्रॅटल थिएटरने ‘कासाब्लांका’ लावला आणि मग परीक्षेच्या दिवसांत बोगार्ट बघायचा असा विद्यार्थ्यांचा रिवाजच पडून गेला. मूकपटांना टीव्हीवर गिऱ्हाईक नव्हतं. त्यामुळे एकाच शहरातल्या, दहा वर्षांच्या अंतरावरच्या दोन पिढ्यांपैकी एक अमर झाली आणि दुसरी कुजली.

मग हरवलेले चित्रपट सापडतात तरी कुठे? हे वाटपाची साखळी समजली की उलगडतं. प्रत न्यूयॉर्कहून निघायची, मोठी शहरं, मग छोटी गावं, मग परदेश असं करत फिरायची. साखळीच्या टोकाला पोहोचेपर्यंत दोन-तीन वर्षं जायची आणि परत पाठवायचं भाडं प्रतीच्या किमतीहून जास्त असायचं. म्हणून ती तिथेच राहायची. कॅनडाच्या टोकाला युकॉनमधलं डॉसन सिटी हे असंच एक शेवटचं गाव. तिथे साठलेली रिळं 1929 मध्ये एका जुन्या पोहण्याच्या तलावात भराव म्हणून टाकली आणि वर बर्फाचं मैदान केलं. 1978 मध्ये नव्या बांधकामासाठी खोदताना 533 रिळं बाहेर आली. गोठलेल्या जमिनीने ती राखली होती. फॉक्सचाच, जॉन फोर्ड यांनी दिग्दर्शित केलेला 1927 चा ‘अपस्ट्रीम’ न्यूझीलंडच्या संग्रहात मिळाला आणि 2010 मध्ये ते जाहीर झालं. लिटल फेरीच्या आगीने जे नेलं, त्यातलं एक पान असं जगाच्या दुसऱ्या टोकाकडून परत आलं. ग्लोरिया स्वॉन्सन आणि रुडॉल्फ व्हॅलेंटिनो यांचा एकमेव एकत्र चित्रपट, 1922 चा ‘बियाँड द रॉक्स’, हॉलंडमधल्या एका संग्राहकाच्या गंजक्या डब्यांत निघाला. वेगवेगळ्या डब्यांतली रिळं ओळखून, जुळवून 2005 मध्ये तो दाखवला. स्वॉन्सनला तो हरवल्याची खंत होती. ती 1983 मध्येच गेली होती.

हे सगळं तिकडचं म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले असं मानतात आणि त्यांतले तिसेक उरलेत, तेही बरेचसे तुकड्यांत. दादासाहेब फाळक्यांचं जे आज दिसतं, ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी नाशिकला फाळक्यांच्या कुटुंबीयांकडे जाऊन मिळवलं म्हणून. आणि लिटल फेरीच्या आगीनंतर 66 वर्षांनी, जानेवारी 2003 मध्ये, पुण्यातच जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. रसायन तेच होतं. 1937 मध्ये निदान ठाऊक नव्हतं असं म्हणायला जागा तरी होती.

तेव्हा ‘काळाच्या कसोटीवर उतरलेले चित्रपट’ हे शब्द आपण जरा जपून वापरावेत, एवढंच आजचं मागणं. काळ कसोटी घेतो हे खरं, पण परीक्षेला बसायला मिळालं त्यांचीच घेतो. थीडा बारा मोठी अभिनेत्री होती की नुसती प्रसिद्धीची करामत, हे आपल्याला सांगता येणार नाही, कारण उत्तरपत्रिकाच जळाली. कोलीन मूरबद्दल आता कुठे थोडं बोलता येऊ लागलंय. यापुढे एखादा जुना चित्रपट बघाल तेव्हा दिग्दर्शक कोण हे विचाराच, पण ही प्रत आपल्यापर्यंत आली कशी हेही विचारा. त्या उत्तरात बहुतेक वेळा एखादा लांग्लुआ, एखादा नायर, नाहीतर भाडं परवडत नाही म्हणून डबा परत न पाठवणारा एखादा थिएटरवाला सापडेल.

आणि घरी माळ्यावर आजोबांच्या काळातला फिल्मचा डबा असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी एकदा पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. उन्हात ठेवू नका आणि विडी ओढत उघडू नका. डावीकडचा तो फोटो आणखी थोडा वेळ पडद्यावर राहू दे, कोलीन मूरचा. तोवर प्रश्न असतील तर घेऊ.